वाटा अठराचा, भार सेहेचाळीसचा

केंद्रीय अर्थसंकल्पाच्या तोंडावर संसदेत सादर होणाऱ्या आर्थिक पाहणी अहवालात शेतीसंबंधीचे दोन आकडे दरवर्षी चर्चेत येतात. देशाच्या एकूण मूल्यवर्धनात शेती व संलग्न क्षेत्रांचा, म्हणजे पशुपालन, मत्स्यव्यवसाय व वनीकरण धरून, वाटा २०२३-२४ या वर्षी सुमारे १८ टक्के होता, हा पहिला आकडा. त्याच वर्षीच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील काम करणाऱ्या लोकांपैकी सुमारे ४६ टक्के लोक शेतीत होते, हा दुसरा. पहिल्या आकड्याच्या आधारे शेतीचे महत्त्व ओसरले, असे म्हणणारा एक वर्ग आहे. दुसऱ्याच्या आधारे 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' या पाठ्यपुस्तकी वाक्याची उजळणी करणारा दुसरा वर्ग आहे. हे दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र ते वेगवेगळे वाचले की दिशाभूल करतात. एकत्र वाचले, तर भारतीय अर्थव्यवस्थेचा मूळ प्रश्न त्यांतून समोर येतो. शेती देशासाठी जे काम करते त्याची मोजदाद राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात पुरती होत नाही, आणि त्या कामाची किंमत मुख्यतः शेतकरी कुटुंबेच चुकवीत आहेत.

आकड्यांचा अर्थ

हिशेब ढोबळ मानाने मांडून पाहता येईल. शंभर माणसांनी मिळून शंभर रुपये मिळवले असे धरले, तर शेतीतील ४६ जणांच्या वाट्याला १८ रुपये येतात आणि शेतीबाहेरील ५४ जणांच्या वाट्याला ८२ रुपये. म्हणजे शेतीतील माणसामागे सुमारे ३९ पैसे आणि शेतीबाहेरील माणसामागे सुमारे दीड रुपया. हे अंतर जवळपास चौपटीचे आहे. १९५०-५१ साली राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा निम्म्याहून अधिक होता आणि काम करणाऱ्या दहा जणांपैकी सुमारे सात जण शेतीत होते. त्याच पद्धतीने हिशेब केल्यास तेव्हाचे अंतर दुपटीच्या आसपास भरते. शेतीतील माणूस सात दशकांपूर्वीपेक्षा अधिक पिकवतो, हे खरे. परंतु शेतीबाहेरचा माणूस त्याच्यापुढे फार वेगाने निघून गेला.

राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा घटणे ही मुळात चिंतेची बाब नाही. माणसाचे उत्पन्न वाढले की त्यातील अन्नावर खर्च होणारा हिस्सा कमी होतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली दाखवून दिले होते. पगार दुप्पट झाला म्हणून कोणी दुप्पट भाकरी खात नाही. वाढीव पैसा घर, शिक्षण, प्रवास, औषधोपचार यांकडे वळतो. त्यामुळे संपन्न होत जाणाऱ्या प्रत्येक देशात शेतीचा वाटा घटत गेला. तथापि त्या देशांत उत्पन्नाबरोबर माणसेही शेतीतून बाहेर पडली. दक्षिण कोरियात १९६०च्या दशकाच्या आरंभी काम करणाऱ्यांपैकी सुमारे साठ टक्के लोक शेतीत होते. आज हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे. शेतीतील अतिरिक्त मनुष्यबळ कारखान्यांत जाते आणि त्यातून विकास घडतो, ही मांडणी अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ साली केली होती. कोरियाने ती जणू एका पिढीत प्रत्यक्षात आणली.

भारतात या साखळीतील मधली कडी कच्ची राहिली. सेवाक्षेत्र वेगाने वाढले, परंतु त्यातील चांगल्या पगाराच्या नोकऱ्यांना उच्च शिक्षण लागते. कारखानदारीचा वाटा मात्र अनेक दशके फारसा हलला नाही. गाव सोडून बाहेर पडलेला माणूस प्रामुख्याने बांधकामावर, हमालीवर वा किरकोळ व्यवसायात गेला. तेथे कायम स्वरूपाची नोकरी नाही आणि आजारपणात आधारही नाही. म्हणून त्याने गावाकडच्या दोन एकरांवरील हक्क सोडला नाही, आणि कुटुंबातील निम्मी माणसे गावातच ठेवली.

आयातीच्या जहाजांपासून भरलेल्या गोदामांपर्यंत

शेतीची पहिली जबाबदारी देशाला जेवू घालण्याची. १९५०-५१ साली देशात सुमारे ५ कोटी ८ लाख टन अन्नधान्य पिकले. २०२३-२४ साली हे उत्पादन ३३ कोटी टनांवर गेले. या काळात लोकसंख्या सुमारे चौपट झाली, तर धान्य साडेसहा पट. विशेष म्हणजे पेरणीखालील निव्वळ क्षेत्र गेली पन्नासहून अधिक वर्षे सुमारे १४ कोटी हेक्टरांवरच स्थिर आहे. ही वाढ नवी जमीन नांगरून झालेली नाही. ती बियाणे, पाणी, खते आणि शेतकऱ्याचे श्रम यांतून झाली.

आजच्या पिढीला या बदलाचे मोल सहज जाणवणार नाही. अमेरिकेच्या 'पीएल-४८०' या १९५४च्या कायद्यानुसार भारताला गहू मिळत असे. १९६५-६६ आणि १९६६-६७ या लागोपाठच्या दोन दुष्काळी वर्षांत तर देशाची भिस्त आयातीवर आली, आणि अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गव्हाचा पुरवठा हात आखडून सुरू ठेवला. परराष्ट्र धोरणावर त्याचे दडपण येत होते. त्या अनुभवातून कृषिमंत्री चिदंबरम सुब्रमण्यम यांनी अधिक उत्पादन देणाऱ्या बुटक्या गव्हाचा पुरस्कार केला. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत विकसित केलेल्या वाणांचे १८ हजार टन बियाणे १९६६ साली आयात झाले, आणि डॉ. एम. एस. स्वामिनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते भारतीय शेतीत रुजवले. १९६४-६५ साली सुमारे १ कोटी २३ लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन १९७०-७१ पर्यंत जवळपास दुप्पट झाले.

केवळ बियाण्याने हे घडले नसते. भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग या दोन्ही संस्थांचे काम १९६५ साली सुरू झाले. शेतकऱ्याला हमीभाव, सरकारी खरेदी, गोदामातील साठा आणि तेथून स्वस्त धान्य दुकानापर्यंत पुरवठा, अशी साखळी त्यातून उभी राहिली. २०१३ सालच्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली आज सुमारे ८० कोटी लोकांना शिधापत्रिकेवर धान्य मिळते, ते याच साखळीतून. करोनाच्या टाळेबंदीत, २०२० साली, कारखाने आणि बाजारपेठा बंद असताना देशात अन्नाचा तुटवडा पडला नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात या निश्चिंतीसाठी वेगळा रकाना नाही.

या यशाला मर्यादाही आहेत. गहू-तांदळाला खात्रीची खरेदी मिळाली, ती डाळी व तेलबियांना त्या प्रमाणात मिळाली नाही. परिणामी भारत जगातील सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार देश बनला, आणि त्याच वेळी आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल त्याला बाहेरून आणावे लागते. पाण्याच्या बाबतीत हा सौदा फायद्याचा म्हणता येत नाही. पंजाबात भातासाठी भूजल उपसले जाते आणि तांदळाच्या पोत्यातून एका अर्थी तेच पाणी परदेशी जाते.

ताटातील अर्थकारण

घरखर्चाच्या वहीत शेती रोज डोकावते. २०२३-२४च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण कुटुंबाच्या मासिक खर्चापैकी सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४० टक्के रक्कम अन्नावर जाते. साहजिकच भाजीपाला, डाळ वा दूध महागले की महागाईचा निर्देशांक उसळतो. २०१६ साली झालेल्या कायदेशीर बदलानुसार महागाई चार टक्क्यांच्या आसपास, दोन ते सहा टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर आहे. त्यामुळे अवकाळी पावसाने नाशिक वा कोलारमधील टोमॅटोचा बाग झोपला, की त्याचा परिणाम मुंबईतील नोकरदाराच्या गृहकर्जाच्या हप्त्यापर्यंत पोहोचू शकतो. भाव चढले की व्याजदर खाली येण्यास विलंब होतो, आणि टोमॅटोशी दुरूनही संबंध नसलेल्या कर्जदाराला तो भुर्दंड पडतो.

येथूनच शेतीधोरणातील सर्वांत अवघड पेच सुरू होतो. ग्राहकाला अन्न स्वस्त हवे असते आणि उत्पादकाला भाव हवा असतो. हा पेच कांद्याइतका उघडपणे दुसऱ्या कोणत्याही पिकात दिसत नाही. देशातील कांद्याचे सर्वाधिक उत्पादन महाराष्ट्रात होते, आणि लासलगाव ही त्याची प्रमुख बाजारपेठ. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा चाळीत साठवला जातो आणि खरिपाचा नवा माल येईपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, देशाची गरज भागवतो. साठवणुकीत वजन घटते, काही माल सडतो, कोंब फुटतात. ही जोखीम शेतकरी भाव वाढेल या आशेवर पत्करतो. नेमका भाव वाढू लागला, की शहरांत ओरड होते आणि सरकार हस्तक्षेप करते. १९९८ साली दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत कांद्याची दरवाढ हा प्रचाराचा मुद्दा झाला आणि सत्ताधारी पक्ष पराभूत झाला. तेव्हापासून कोणतेही सरकार कांद्याकडे केवळ भाजी म्हणून पाहत नाही.

अलीकडचा घटनाक्रम पाहण्याजोगा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावण्यात आले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, परंतु किमान निर्यातमूल्याची अट आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये ही अट निघाली व शुल्क २० टक्क्यांवर आले. ते पूर्णपणे रद्द झाले १ एप्रिल २०२५ रोजी. वीस महिन्यांत किमान पाच वेळा नियम बदलले. ज्या पिकाची रोपे टाकण्यापासून चाळीतून विक्रीपर्यंत दहा-बारा महिने जातात, त्याचे नियोजन अशा स्थितीत शेतकऱ्याने कसे करावे, हा प्रश्न उरतो. ग्राहकाने मोजलेल्या पैशातील मोठा भागही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ग्राहकाच्या एका रुपयातील शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ पैसे आणि बटाट्यात ३७ पैसे आहे. बाकीचा पैसा वाहतूक, हमाली, अडत, नासधूस आणि व्यापाऱ्यांचा नफा यांत विरतो. स्वस्ताईचा भार अशा रीतीने शेताच्या बांधावर येऊन पडतो.

गिरणी, कारखाना आणि दूधसंघ

शेती आणि उद्योग यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी मानण्याची सवय जडली असली, तरी महाराष्ट्राचा इतिहास वेगळे सांगतो. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला तेथील कापूस मिळेना, तेव्हा भारतीय कापसाला अपूर्व भाव आला आणि त्या पैशातून मुंबईचे वैभव वाढले. गिरणगाव उभे राहिले ते वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या मातीत पिकलेल्या कापसावर आणि कोकण व देशावरून आलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांच्या श्रमांवर. इचलकरंजी आणि मालेगावचे माग आजही शेतातून येणाऱ्या धाग्यावर चालतात.

साखरेची गोष्टही तशीच. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याभोवती शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, पतसंस्था यांचे जाळे विणले गेले. राज्याच्या राजकारणाची एक अख्खी पिढी त्यातून घडली. त्याच कारखान्यांकडे दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बैलगाडीने वा ट्रॅक्टरने निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. एका भागातील बागायतीची संपन्नता दुसऱ्या भागातील कोरडवाहू शेतीच्या अपुरेपणावर कशी उभी असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

दुधाचा आढावा मात्र आशादायक आहे. १९७० साली डॉ. व्हर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली 'दूधमहापूर' योजना सुरू झाली, आणि १९९८च्या सुमारास भारत जगातील सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश ठरला. आज देशातील दुधाचे मूल्य भात व गहू यांच्या एकत्रित मूल्याहून अधिक आहे. शेती क्षेत्राच्या मूल्यवर्धनात पशुपालनाचा वाटा सुमारे तीस टक्क्यांवर गेला आहे. ज्याच्याकडे जमीन अगदी थोडी आहे, त्याच्या घरीही दोन म्हशी असू शकतात आणि दर दहा दिवसांनी हाती पैसा येतो. हंगामाची वाट पाहावी न लागणारे हे उत्पन्न अनेक घरांतील किराणा आणि शाळेची फी भागवते.

पावसावरची भिस्त आणि दिनदर्शिका

देशातील वार्षिक पावसापैकी सुमारे ७५ टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. देशात पिकांखालील निम्म्याहून थोड्या अधिक क्षेत्राला सिंचनाची सोय आहे. महाराष्ट्रात ती सुमारे पाचव्या हिश्शालाच आहे. पूर्वी पावसाने ओढ दिली की सारे राष्ट्रीय उत्पन्नच कोसळे. १९७९-८० साली दुष्काळामुळे ते पाच टक्क्यांहून अधिक घटले होते. याउलट २००२-०३ साली तीव्र दुष्काळ पडूनही देशाचे उत्पन्न सुमारे चार टक्क्यांनी वाढले. अर्थव्यवस्था बळकट झाल्याचे हे लक्षण खरेच. परंतु त्यात एक धोकाही दडला आहे. दुष्काळाची झळ राष्ट्रीय आकड्यांत उमटेनाशी झाली, म्हणून ती संपली असे नाही. ती खेड्यांपुरती मर्यादित झाली आणि त्यामुळे इतरांच्या नजरेआड गेली.

लोकजीवनाने मात्र पावसाशी असलेले हे नाते कधी सोडले नाही. मृग नक्षत्र लागले की पेरणीची लगबग सुरू होते, आणि पेरणी उरकून वारकरी पंढरीची वाट धरतात. बेंदूर आणि पोळा हे बैलांचे सण. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात, तेव्हा घरातील बियाण्याची उगवणही आपोआप पाहिली जाते. लातूर, धाराशिव, सोलापूर या भागांत मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला अख्खे गाव शेतात जेवायला जाते. भोगीच्या भाजीत त्या हंगामातील हरभरा, वाटाणा, गाजर, वांगी, तीळ असे सारेच येते. अनेक भागांत सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते आणि पाडव्यालाच संपते. शहरात दोन-तीन पिढ्या राहिलेला माणूसही 'सुगीचे दिवस', 'पेरावे तसे उगवते', 'कुंपणच शेत खाते' असेच बोलतो.

संकटकाळचा निवारा

शेतीचे आणखी एक काम असे, की ते संकट आल्याखेरीज दिसत नाही. २०२०च्या टाळेबंदीत शहरांतील रोजगार एकाएकी थांबला आणि लाखो मजूर गावी परतले. २०२०-२१ या वर्षी देशाचे उत्पन्न सुमारे सहा टक्क्यांनी घटले, शेतीचे मात्र चार टक्क्यांच्या आसपास वाढले. श्रमबल सर्वेक्षणानुसार शेतीत काम करणाऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मधील ४२.५ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेले. कित्येक दशके घटत असलेले प्रमाण उलट फिरले. अधिक महत्त्वाचे म्हणजे संकट सरल्यानंतरही ते पूर्वीच्या पातळीवर आले नाही.

ज्या देशात बेकारीभत्त्याची व्यापक सोय नाही, तेथे ते काम घरची शेती करते. दोन माणसांच्या कामात चार जण वाटेकरी होतात आणि दोन जणांच्या भाकरीतही. अर्थशास्त्र याला छुपी बेकारी म्हणते. शहरातील उद्योग मंदीत कामगार कमी करू शकतात, कारण त्या कामगाराला परत जाण्यासाठी गाव असते. त्या गावाचा खर्च कोणत्याही कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही.

महाराष्ट्राने हा खर्च समाजाने वाटून घ्यावा, असा एक प्रयत्न एकेकाळी केला होता. १९७२च्या दुष्काळात लाखो लोक दुष्काळी कामांवर आले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला त्या अनुभवातून व्यापक रूप मिळाले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर लावण्यात आला. मुंबई-पुण्यातील नोकरदाराच्या वेतनचिठ्ठीत दरमहा होणारी व्यवसाय कराची छोटीशी कपात सुरू झाली ती खेड्यातील दुष्काळग्रस्ताच्या हाताला काम देण्यासाठी, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी केलेल्या रोजगार हमी कायद्यामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती.

शेतकरी कुटुंबाचा जमाखर्च

आता या भाराची झळ ज्यांना बसते त्यांच्याकडे पाहू. १९७०-७१च्या कृषी गणनेत देशात सुमारे ७ कोटी १० लाख वहिती खातेदार होते आणि सरासरी जमीनधारणा २.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली खात्यांची संख्या १४ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली आणि सरासरी धारणा १.०८ हेक्टरवर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या खाली आली. दोन हेक्टरांहून कमी जमीन असलेले शेतकरी ८६ टक्के झाले. महाराष्ट्रात तर याच काळात सरासरी धारणा ४.२८ हेक्टरवरून १.३४ हेक्टरवर घसरली. आजोबांची जमीन बापाने भावांत वाटली आणि बापाची मुलांनी. बांध वाढले, शेत घटले.

एवढ्या जमिनीवर किती मिळते, याचे उत्तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८-१९च्या पाहणीत आहे. शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले. त्यात पिकांपासून मिळालेले निव्वळ उत्पन्न ३,७९८ रुपये, तर मजुरी व पगारातून मिळालेले ४,०६३ रुपये होते. जनावरांपासून १,५८२ रुपये, आणि उरलेले किरकोळ व्यवसाय व जमिनीच्या खंडातून. सहा वर्षांपूर्वीच्या, २०१२-१३च्या पाहणीत पिकांचे उत्पन्न मजुरीहून अधिक होते. या खेपेस क्रम उलटला. ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्याच्या घरात सरासरीने पिकापेक्षा मजुरीचा पैसा अधिक येतो. त्याच पाहणीनुसार निम्मी शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी होती.

हमीभावाचा आधारही सर्वांपर्यंत पोहोचत नाही. केंद्र सरकार २२ पिकांचे हमीभाव जाहीर करते, परंतु सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकू शकणारे शेतकरी जेमतेम सहा टक्के असल्याचे शांताकुमार समितीने २०१५ साली नमूद केले होते. स्त्रियांची स्थिती अधिकच विपरीत. ग्रामीण भागात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक शेतीत आहेत. परंतु २०१५-१६च्या गणनेत स्त्रियांच्या नावावरील वहिती खाती १४ टक्केच होती. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून पीककर्ज, विमा वा नुकसानभरपाई यांसाठी तिला शेतकरी म्हणून सहजासहजी मान्यता मिळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ साली शेती क्षेत्रातील ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांहून अधिक होती, आणि राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक सर्वांत वर होता.

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण ज्या समाजाने रूढ केली, त्याच समाजात आज शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला आईवडील तयार होत नाहीत. मुलीही नकार देतात, आणि त्यांना दोष देणे उचित नाही. शेतीचा जमाखर्च त्यांनी आपल्या आईच्या आयुष्यात पाहिलेला असतो.

पुढील वाट

यावर एकच रामबाण उपाय सांगता येणार नाही. तथापि दिशा स्पष्ट आहेत. शेतीवरील माणसांचा भार हलका करायचा, तर तालुक्याच्या ठिकाणी शेतीबाहेरचा टिकाऊ रोजगार हवा. फळप्रक्रिया, दुग्धप्रक्रिया, शीतगृहे, अवजारांची दुरुस्ती, कापडउद्योग यांत तो निर्माण होऊ शकतो, आणि त्यासाठी गाव सोडून झोपडपट्टीत जाण्याची गरज पडत नाही. महाराष्ट्राने १९९० साली रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना राबवून कोरडवाहू जमिनीवर आंबा, काजू, डाळिंब उभे केले, तेव्हा कल्पक धोरणाचा उपयोग दिसून आला होता. दुसरी गोष्ट भावांविषयीच्या धोरणाची. ग्राहकाला दिलासा देणे सरकारचे कर्तव्यच आहे. परंतु तो दिलासा निर्यातबंदीतून, म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून, द्यायचा की सरकारी तिजोरीतून, याचा उघड निर्णय व्हायला हवा. आणि नियम हंगामाच्या मध्यावर बदलू नयेत. तिसरी गोष्ट पाण्याची. सिंचन थोड्या पिकांपुरते न राहता डाळी, तेलबिया व भरडधान्ये पिकवणाऱ्याच्या शिवारापर्यंत गेले, तर आयातही घटेल आणि जोखीमही.

शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा उद्या पंधरा टक्क्यांवर आला, पुढे दहावर आला, तरी तो धोक्याचा इशारा मानण्याचे कारण नाही. पाहायचे ते इतकेच, की त्या वाट्यावर जगणाऱ्यांची संख्याही त्याच वेगाने घटते आहे का, आणि मागे राहिलेल्यांना त्यांच्या श्रमाचे पुरेसे मोल मिळते आहे का. अठरा आणि सेहेचाळीस यांमधील अंतर कमी होणे, ही शेतीच्याच नव्हे तर देशाच्या प्रगतीची खरी कसोटी आहे. तोवर स्वस्त धान्य, आटोक्यातली महागाई आणि मंदीत परतायला हक्काचे गाव या साऱ्यांचा लाभ घेणाऱ्या शहरी समाजाने निदान त्याची किंमत कोण भरतो, याचा विसर पडू देऊ नये.